हार्ट फेल्युअर: जोखमीचा अंदाज आधी की औषधे आधी?

मीमांसक (धागाकर्ता):
हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसे रक्त पंप करू शकत नाही अशा अवस्थेत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या जवनिकेतले जितके टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण, ४० टक्के किंवा त्याहून कमी झालेल्या रुग्णांसाठी आज चार औषधगटांचा आधार भक्कम आहे. १९८७ च्या 'कन्सेन्सस' चाचणीत एनालाप्रिल घेणाऱ्या अतिगंभीर रुग्णांपैकी २६ टक्के सहा महिन्यांत दगावले, तर प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. १९९९ मध्ये बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारी औषधे) आणि स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारे औषध) यांचे निष्कर्ष आले, आणि २०१९ मध्ये 'डापा-एचएफ' चाचणीने मूळच्या मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनला या पंक्तीत बसवले. इतके असूनही पुष्कळ रुग्ण अर्ध्यामुर्ध्या मात्रेवरच राहतात. दुसरीकडे, कोण किती जगेल हे सांगणारी गुणांकने मात्र एकामागून एक तयार होत आहेत. त्यांतले 'मॅगिक' (२०१३) ३० अभ्यासांतल्या ३९,३७२ रुग्णांच्या माहितीवर बेतलेले असून १३ घटकांवरून एक आणि तीन वर्षांतल्या मृत्यूची शक्यता वर्तवते. पण गुणांक कमी आला म्हणून चारांपैकी अमुक औषध गाळावे, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही. ज्या आकड्याने औषधयोजना बदलत नाही, त्यासाठी ती खोळंबून का ठेवावी?

२०२२ च्या 'स्ट्राँग-एचएफ' चाचणीत रुग्णालयातून घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली गेली. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचे प्रमाण या गटात १५.२ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांत २३.३ टक्के. माझ्या मते खरे काम हे आहे.

तर्कवादी:
आपण दिलेले आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. चाचणीत मिळते ती सरासरी, आणि तीही निवडून घेतलेल्या रुग्णांची. आपण ज्या 'स्ट्राँग-एचएफ'चा दाखला देता, तिच्यात प्रवेश मिळण्यासाठी सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब किमान १००, पोटॅशियम ५ च्या आत आणि मूत्रपिंडाची गाळणक्षमता किमान ३० अशा अटी होत्या. या अटींत न बसणाऱ्या वृद्ध रुग्णाला तोच वेग झेपेल, हे गृहीत कसे धरायचे?

स्पायरोनोलॅक्टोनचे उदाहरण जुने झाले तरी विसरण्यासारखे नाही. त्याच्या 'राल्स' चाचणीने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात त्याची प्रिस्क्रिप्शने झपाट्याने वाढली. चाचणीत मूत्रपिंड फार बिघडलेले रुग्ण वगळले होते, रक्ताची तपासणीही काटेकोर होती. बाहेर ना ती निवड राहिली ना ती देखरेख. परिणामी, पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये दर हजार रुग्णांमागे २.४ होते, ते २००१ मध्ये ११ वर गेले. शिवाय सापेक्ष घट सर्वांसाठी सारखी मानली, तरी प्रत्यक्ष लाभ मूळ धोक्यावर ठरतो. एकचतुर्थांश घट म्हणजे ४० टक्के धोका असलेल्याला दहा टक्क्यांचा लाभ आणि ८ टक्के धोका असलेल्याला दोनच टक्क्यांचा. तो मूळ धोका अंदाजाशिवाय कळणार कसा?

दीपशिखा:
एक आठवण करून द्यावीशी वाटते. या गुणांकनांची भेदक्षमता (कोणाचा धोका जास्त आणि कोणाचा कमी हे ओळखण्याची ताकद, १ म्हणजे अचूक) मृत्यूबाबत साधारण ०.७ च्या आसपास असते, पुन्हा भरती होण्याबाबत त्याहूनही कमी, आणि ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. 'तुमच्यासारख्या शंभरांपैकी तीस' हे गटाबद्दलचे वाक्य आहे. समोरची व्यक्ती त्या तिसांत आहे की सत्तरांत, हे त्यातून कळत नाही, आणि नातेवाइकांना तर नेमके तेच हवे असते.

मीमांसक:
तर्कवादी, देखरेखीबद्दल आपण म्हणता ते योग्यच. पण पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) तपासणे ही सुरक्षिततेची चाचणी आहे, भविष्यकथन नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालू नयेत.

आपण नेमका ओंटारिओचाच दाखला दिलात हे बरे झाले. तिथल्याच २००५ मधल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचा मृत्यूचा धोका सर्वाधिक, त्यांनाच एसीई इनहिबिटर (एनालाप्रिल ज्या गटातले आहे ती औषधे) आणि बीटा ब्लॉकर कमी दिले जात होते. आपल्या हिशेबाप्रमाणे सर्वाधिक लाभ त्यांनाच व्हायला हवा होता! शिवाय बीटा ब्लॉकर सुरू नसणे हाच 'मॅगिक'मध्ये धोका वाढवणारा एक घटक आहे. म्हणजे उपचार टाळायचे, त्यामुळे गुणांक वाढणार, आणि वाढलेल्या गुणांकाकडे बोट दाखवून म्हणायचे की रुग्ण फारच नाजूक आहे.

तर्कवादी:
त्या अभ्यासातला धोका डॉक्टरांनी कागदावर मांडलेला नव्हता. त्यांनी तो मनातल्या मनात जोखला आणि हात आखडता घेतला. आकडा समोर असता तर कदाचित उलटे घडले असते. ही नुसती कल्पना नाही. २०२२ मध्ये ओंटारिओतल्याच दहा रुग्णालयांत झालेल्या 'कोच' चाचणीत तातडीच्या विभागात आलेल्या ५,४५२ रुग्णांचा अभ्यास झाला. गुणांकाच्या आधारे कोणाला भरती करायचे आणि कोणाला लवकर घरी पाठवून जलद पाठपुरावा द्यायचा हे ठरवले, तेव्हा ३० दिवसांतला मृत्यू किंवा हृदयविकारामुळे भरती यांचे एकत्रित प्रमाण १४.५ वरून १२.१ टक्क्यांवर आले. अंदाजाने निर्णय बदलतो आणि निर्णयाने परिणाम, हे इथे मोजून दिसले.

दीपशिखा:
'कोच'मध्ये गुणांक आणि पाठपुराव्याचे खास क्लिनिक एकत्र बांधलेले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे त्या रचनेतून सुटे करता येत नाही. याउलट २०१७ च्या 'गाइड-आयटी'मध्ये एनटी-प्रोबीएनपीच्या (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकाच्या) पातळीनुसार औषधे वाढवण्याची पद्धत नेहमीच्या काळजीशी ताडून पाहिली आणि लाभाची शक्यता न दिसल्याने ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

मीमांसक:
मग वाद आक्रसून इतकाच उरतो. भरती करायचे की घरी पाठवायचे, कृत्रिम पंप किंवा हृदयप्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्याबद्दल कुटुंबाशी केव्हा बोलायचे, या प्रश्नांसाठी गुणांक जरूर वापरावा. पण चार औषधांपैकी पहिली गोळी लिहिण्यासाठी रक्तदाब, नाडी, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुरेसे आहेत, यावर मी ठाम आहे.

तर्कवादी:
पहिल्या गोळीपुरते मान्य. तिसरी आणि चौथी त्याच आठवड्यात कोणाला द्यायची, हे मात्र ऐंशी वर्षांच्या, गाळणक्षमता २५ असलेल्या रुग्णांची स्वतंत्र चाचणी होईपर्यंत मी उघडेच ठेवीन.