‘ब्लॉकेज नाही’ असलेल्या हृदयविकाराला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार, नाशिकरोड : निफाड-दिंडोरीकडच्या महिलांसाठी हृदयविकाराचे माहितीपत्रक करते आहे. ‘कोरोनरी मायक्रोव्हॅस्क्युलर डिसफंक्शन’ला काय लिहावे? ‘सूक्ष्मवाहिनी दुष्क्रिया’ लिहिले तर द्राक्षबागेत थिनिंग करणाऱ्या बाईपर्यंत काहीच पोहोचणार नाही.

हृदयरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड : ‘दुष्क्रिया’ नको आणि ‘अडथळा’ तर मुळीच नको. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड वाहिन्याच दिसतात. हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळेल हे मात्र त्याहून बारीक वाहिन्या ठरवतात. या आजारात त्या गरजेच्या वेळी पुरेशा रुंदावत नाहीत किंवा उलट आकसतात. म्हणून ‘हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड’ लिहा. कोशासाठी ‘कार्यबिघाड’ ठेवा.

विज्ञान शिक्षिका, सिडको : ‘रक्तवाहिनी’च बरी. जुन्या पाठ्यपुस्तकांत रोहिणी-नीला होत्या, आता धमनी-शिरा आहेत. आई आणि मुलगी वेगवेगळे शब्द शिकल्या आहेत. ‘नस’ टाळा, कारण ‘नस दबली’ आपण मज्जातंतूबद्दलही म्हणतो.

भाषांतरकार : ठिबकचा दाखला चालेल का? मेन लाइन मोकळी, पण ड्रिपर चोकअप?

हृदयरोगतज्ज्ञ : अर्धाच लागू पडतो, ताई. चोकअप ड्रिपर सदा कमीच पाणी देतो. इथे बसल्या जागी पुरवठा बहुधा पुरतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना तो वाढायला हवा, तेवढा वाढत नाही. निरोगी हृदयात तो तीन-चार पट वाढू शकतो. ही वाढ मोजतात तिला ‘कोरोनरी फ्लो रिझर्व्ह’ म्हणतात. त्याचे ‘राखीव प्रवाह’ करू नका, कुठेतरी रक्त साठवलेले आहे असे वाटते. ‘प्रवाहवाढीची क्षमता’ लिहा.

मोजणीची रीत अशी: धमनीत दाब आणि तापमान टिपणारी बारीक तार घालतात, ॲडेनोसिन (बारीक वाहिन्या रुंदावणारे औषध) शिरेतून दर मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम देतात, मग ३ मिली सलाइन झटक्यात तीनदा सोडून ते पुढे सरकायला लागलेला वेळ बघतात. प्रवाहवाढ दुपटीपेक्षा कमी किंवा सूक्ष्मवाहिन्यांच्या रोधाचा निर्देशांक २५ वा अधिक असेल तर बिघाड धरतात. आधीचे २४ तास चहा-कॉफी बंद, नाहीतर कॅफिनमुळे ॲडेनोसिनचा परिणाम दबतो आणि आकडा फसवा येतो. आकसण्याची तपासणी वेगळी, ती ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या औषधाने करतात.

वैद्यकीय ग्रंथपाल, पंचवटी : जुन्या लेखांत ‘सिंड्रोम एक्स’ भेटेल, ते नाव घेऊ नका. १९७३पासून ते याच प्रकारच्या छातीदुखीला वापरले गेले आणि १९८८मध्ये तेच नाव मधुमेह-रक्तदाबाच्या चयापचयी गटालाही मिळाले. ‘मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना’ (बारीक वाहिन्यांमुळे होणारी हृदयाची छातीदुखी) हे नावही १९८८चेच, पण ते नेमके आहे.

विज्ञान शिक्षिका : आणि ‘असामान्य लक्षणे’? सगळ्या पत्रकांत बायकांच्या दुखण्याला हेच विशेषण चिकटवलेले असते.

हृदयरोगतज्ज्ञ : काढून टाका! अमेरिकेच्या २०२१च्या छातीदुखी मार्गदर्शिकेनेही ‘ॲटिपिकल’ टाळायला सांगितले आहे, कारण ऐकणारा ‘म्हणजे हृदयाचे नाही’ असे समजतो. बायका बोलतात तेच लिहा: छातीत भरून येणे, जबडा किंवा पाठ दुखणे, धाप लागणे, काम थांबवल्यावरही दुखणे रेंगाळणे. हा आजार पुरुषांनाही होतो, त्यामुळे ‘बायकांचा हृदयरोग’ असे शीर्षक नको. बायकांत तो जास्त आढळतो आणि ‘गॅस असेल’, ‘टेन्शन घेता’ म्हणून जास्त मागे ढकललाही जातो, हे मात्र ठळक छापा.

भाषांतरकार : मग ‘अँजिओग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ कसा द्यावा?

हृदयरोगतज्ज्ञ : ‘मोठ्या रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा दिसला नाही.’ इतकेच. ‘हृदय ठणठणीत आहे’ असे त्या अहवालात कुठेही लिहिलेले नसते, आणि या बिघाडात पुढे हार्ट अटॅक व हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. त्रास चालूच असेल तर ‘बारीक वाहिन्या तपासायच्या का?’ हा प्रश्न पत्रकात तयार देऊन ठेवा. दुखणे थांबत नसेल तर १०८.

ग्रंथपाल : धोक्याच्या यादीत ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) आहे, तिथे?

हृदयरोगतज्ज्ञ : ‘पोटाशी असताना बीपी वाढले होते का? साखर वाढली होती का?’ असे सरळ विचारा. पाळी लवकर गेली का, तेही. वीस वर्षांपूर्वीचे बाळंतपण हृदयाच्या डॉक्टरला सांगायचे असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, म्हणून ही ओळ पहिल्या पानावर घ्या.