मदत हवी आहे: बघण्याची सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी. ध्यानाला कसं बसावं हे विचारत नाहीये, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. रोजच्या गोष्टी नीट दिसाव्यात, ऐकू याव्यात आणि त्याच वेळी आत काय चाललंय तेही कळावं, यासाठी तुम्ही काय करता?

सध्या मी एखादं पान समोर ठेवून बघत राहते. सुरुवातीला मजा येते. कडेचा रंग वेगळा, सावली काळी नसून निळसर. मग मन म्हणतं, 'कळलं, पान आहे', की बघणं संपलं. नजर एकाच बिंदूवर खिळवली तर आजूबाजूचं चक्क पुसट होत जातं. हा ट्रॉक्सलर परिणाम, १८०४ साली नोंदवलेला, म्हणजे डोळ्यांत बिघाड नाही! नजर फिरती ठेवायची एवढं समजलं. पण मग लक्ष टिकवायचं कसं?

भावनांचं तर आणखी अवघड. राग आला की जबड्यात, छातीत काय होतंय ते पाहायला जावं, तर राग विरतो, नाहीतर मी त्याची चिरफाड करत बसते. वहीत लिहिलं की वाक्यं छान होतात आणि अनुभव बाजूलाच राहतो. (छान वाक्यांचा मोह फार वाईट.)

चित्र काढणारे, गाणं शिकणारे, रोजनिशी लिहिणारे कुणी असाल तर सांगा: लगेच लिहिता की आधी मुरू देता? आणि स्वतःकडे पाहता पाहता आपण नुसतेच स्वतःत गुरफटतोय, हे कशावरून ओळखता? पुस्तकांची यादी नको, स्वतः करून पाहिलेलं हवंय.