२०१२ ची डिझायर, १ लाख ९० हजार पळालेली, घेऊ का?

द्राक्षबागवाला (तासगाव):
मंडळी, एक डिझायर डिझेल बघितलीय, एमएच १० (सांगली) पासिंग, मीटरला १ लाख ९० हजार किमी, मालक २ लाख ४० हजार रुपये म्हणतोय. दिसायला टकाटक. वापर म्हणजे बागेवर जाणं-येणं, आठवड्याला सांगली आणि कधीतरी पुणे. घरचे म्हणतायत एवढी पळालेली गाडी कशाला गळ्यात घेतोस. काय करू?

घाटातला ड्रायव्हर (सातारा):
पळाली म्हणून घाबरू नको भावा. ते फियाटचं १.३ इंजिन आहे, ठराविक किलोमीटरला बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, टायमिंग चेन असते, ऑइल वेळेवर बदललं असेल तर दोन लाख म्हणजे काहीच नाही, माझी २ लाख ७० वर आहे आणि खंबाटकी अजून मजेत चढते. फक्त सकाळी थंड गाडी स्वतः स्टार्ट कर, चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून धूर भकाभका येतो का बघ, येत असेल तर इंजिन थकलंय. आणि चढाला रेस वाढते पण गाडी वाढत नाही म्हणजे क्लचप्लेट गेली, ते पैसे किमतीतून कापून घे.

मिरजकर:
किती पळाली ते सोडा, बुडाली होती का ते विचारा!! इथलीच गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर हिनं बघितलेत. मी २०२० ला एक घेतलेली, ७० हजारच पळालेली, आत शॅम्पूचा वास, म्हटलं मालक टापटीप दिसतोय. पहिल्याच पावसाळ्यात पॉवर विंडो गेल्या, मग एबीएसचा दिवा, मग एका रात्री वायपर आपोआप चालू. शेवटी वायरमननं कार्पेट उचललं तर खाली कृष्णामाईचा गाळ. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा, लोक सीटा धुतात, बेल्टचं आतलं टोक कोण धुतंय. स्टेपनीचा खड्डा पण बघा.

कागदवाला (कराड):
रजिस्ट्रेशनची १५ वर्षं २०२७ ला संपतात हे धरूनच भाव करा, मग रीपासिंग (आरटीओत रजिस्ट्रेशन पुन्हा करून घेणं) आणि जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स तुमच्याच माथी. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का तेही बघा.

द्राक्षबागवाला:
आज सकाळी ६ ला गेलो तर बोनेट आधीच गरम, म्हणे धुवायला बाहेर काढली होती. सीटबेल्ट ओढला, शेवटचा वीतभर पट्टा मातकट. मालक म्हणतो पोरानं चहा सांडलेला. चारी बेल्टवर?? आता एमएच ५० (कराड) ची एक बघतोय, ती २ लाख २० पळालीय, घरी अजून आकडा सांगितला नाही.