तुमची पट्टी कोणती? आणि त्या पट्टीतलं लाडकं गाणं?

पेटीवाला_चिपळूण
मंडळी, माझी काळी दोन (पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी, तिला षड्ज म्हणजे सा धरायचा). गळ्याची म्हणत नाही (गळा आहे कुठे!), बोटांची. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात मी पेटीवर बसतो. बुवा लावतील ती पट्टी मुकाट धरायची, हा तिथला धर्म. पण घरी एकटा असलो की बोटं आपसूक काळी दोनवर षड्ज धरतात. कारण धानी राग. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. काळी दोनवरून निघालात तर पाचही सूर काळ्यांवरच, पांढरीला हात लावायचं कामच नाही. 'घेई छंद मकरंद'ची धानीतली चाल अशी वाजवत बसलो की जेवायची हाक ऐकू येत नाही. लोक त्याच शब्दांच्या सालगवराळी रागातल्या चालीवर जीव टाकतात, मला धानीतलीच हवी. भांडायला या.

तर सांगा: पट्टी, वाद्य, गाणं. 'सगळंच आवडतं' म्हणणाऱ्यांनी आधी चहा पिऊन यावं.

सुनीत_गाते
काळी चार. थंडीत सकाळी काळी तीन, पण ते बाईंना सांगायचं नाही. गाणं 'तोच चंद्रमा नभात'. बाबूजींच्या (सुधीर फडक्यांच्या) पट्टीत म्हणायला गेले तर खालचे सूर नुसते पुटपुटल्यासारखे येतात, आणि काळी चारला तेच गाणं एकदम उजळतं. वाद्य विचाराल तर सारंगी. वाजवता येत नाही, म्हणूनच असेल.

धूम_आणि_शाई
ताई, काळी चार म्हटलंत की आम्हा तबलजींची पिशवी जड होते. त्या पट्टीचा तबला लहान तोंडाचा लागतो. मी काळी एकचाच नेतो आणि मध्यमाला (म ला) लावतो. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकच की. पण तुमचं गाणं यमन रागातलं, त्यातला मध्यम तीव्र, तिथे शुद्ध मध्यम ठणठणत राहिला तर तुम्हीच माझ्याकडे डोळे वटारून बघणार. मग पंचम, म्हणजे काळी दोनचा दुसरा तबला. दोन तबले, एक डग्गा, हातोडी, आणि लोकलची गर्दी.

माझं लाडकं वाद्य मात्र पखवाज. धुमेवर (डाव्या तोंडावर) कणीक थापली, एक थाप मारली, की पुढचं काही सांगता येत नाही. पट्टी? वारकरी देतील ती.

खर्जाची_तार
तानपुरा. मिरजेचा. (2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, घरात पेढे वाटले मी.) पट्टी काळी एक, गाणं एकही नाही. जवारी (घोडीवर तारेला येणारी झणकार) नीट लागली आणि खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार छेडली की तिच्यातून गांधार (ग) आपोआप ऐकू येतो, तो पुरतो मला.

आणि पेटीवाले, तुमचा शुद्ध गांधार त्या स्वयंभू गांधारापेक्षा चढा असतो, 14 सेंटच्या आसपास (शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट). यमनात शेजारी बसवून ऐका, दोघे भांडतात. 1940 मध्ये रेडिओनं पेटीला उगाच नाही बाहेर काढलं.

पेटीवाला_चिपळूण
@खर्जाची_तार, गांधाराचं मान्य, बंदीचं नाही. मींड (सुरावरून सुरावर घसरणं) निघत नाही, सूर ठोकळेबाज आहेत, हे सगळं खरं असूनही गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर नाव काढलंच की. 1911 च्या 'मानापमान'च्या चालीही त्यांच्याच. आणि माझी धानी घ्या ना, तिच्यात शुद्ध गांधारच नाही! तुमचं भांडण माझ्या दारात येतच नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. धानीवरून मला नाद लागला तो असा. त्याच पाच काळ्या, फक्त षड्ज हलवायचा. काळी एकला सा धरा, दुर्गा राग निघतो. दोनला धानी. तीनला भूप, आणि हा सगळ्यात सोपा, आमच्या मंडळातली पोरं यावरच बोटं बसवतात. चारला मधमाद सारंग. पाचला चक्क मालकंस! हेच मूर्च्छना म्हणून पुस्तकात वाचलं होतं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं.

सुनीतताई, तुमच्या काळी चारला मधमाद सारंग आहे. दुपारचं गाऊन बघा.

सुनीत_गाते
गाते. पण माझ्याकडे स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलणारी पेटी) आहे, त्यावर हे जमतं का?

पेटीवाला_चिपळूण
जमतं. फक्त पट्ट्या मधे सरकवू नका. सरकवल्या की बोटांना काळी चार दिसते आणि कानाला भलतंच ऐकू येतं, मग तबल्याची हातोडी तुमच्या दिशेनं येईल.

धूम_आणि_शाई
येईलच. आणि मधमाद सारंगात शुद्ध मध्यम आहे. काळी एकचा एकच तबला घेऊन येतो, कधी बसायचं?