गुल्डाने जॅझच्या नादात स्वतःचा पियानो वाया घालवला का?

काळीपाच:
काल रात्री पियानोवादक फ्रीडरिश गुल्डाने १९६७ मध्ये वाजवलेलं बेथोवन ऐकलं आणि पुन्हा चिडचिड झाली. १९३० साली व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस सोळाव्या वर्षी जिनिव्हाची संगीत स्पर्धा जिंकतो, विशीत कार्नेगी हॉल गाठतो आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात जॅझ वाजवायला जाऊन बसतो! पुढे बॅरिटोन सॅक्सोफोनही फुंकला. जॅझमध्ये तो ऑस्कर पीटरसन नव्हता, बिल एव्हान्स तर नव्हेच. बेथोवनमध्ये मात्र पहिल्या पंगतीचा मानकरी. मग दुसऱ्या पंगतीत पाट मांडायची हौस कशाला?

खर्जातला:
साफ असहमत. ऑपस १११, म्हणजे बेथोवनच्या शेवटच्या पियानो सोनाटाच्या, दुसऱ्या भागातलं तिसरं व्हेरिएशन (मूळ धून बदलून मांडलेला तुकडा) ऐका. लिहिलंय १८२२ मध्ये, पण कानाला चक्क जॅझ वाटतं. भलेभले तिथे घसरतात. कुणी घाई करतं, कुणी मुद्दाम झुलवायला जातं. गुल्डा यातलं काहीच करत नाही. तबलजीने ठेका सोडू नये तसा ठोका धरून ठेवतो, आणि म्हणूनच ते झुलतं. ड्रमवाल्याच्या शेजारी बसून रात्री काढल्याशिवाय हे अंगात मुरत नाही.

काळीपाच:
अहो, तो ठोका त्याच्यात आधीपासूनच होता! बर्डलँडच्या आधीची डेक्का कंपनीची त्याची रेकॉर्डिंगं काढून ऐका. तिथेही हात तितकाच कोरडा आणि ताठ. श्रेय उगाच जॅझला देताय.

मुखडा_विसरलो:
मला ठोक्यापेक्षा मोझार्ट महत्त्वाचा वाटतो. संथ भागात गुल्डा स्वतःच्या हरकती घालतो आणि कर्मठ मंडळी नाकं मुरडतात. पण मोझार्ट स्वतः कॅडेन्झा (एकल वादकाने एकट्याने वाजवायचा तुकडा) मंचावर जागेवर रचायचा की! उपज नसलेला ख्याल कुणी ऐकवला तर आपण चहाला उठू.

आणि गुल्डाने रचलेला १९८० चा तो चेलो काँचेर्तो (चेलो आणि साथीच्या वाद्यवृंदासाठीची रचना)! साथीला व्हायोलिनं नाहीत. फुंकीची वाद्यं, गिटार, बास, ड्रम. सुरुवात सरळ रॉकची, मग एकदम आल्प्समधलं निवांत खेडं, शेवटी जत्रेतला बँड. मधल्या कॅडेन्झात दोन ठिकाणी चेलोवाल्याला स्वतःच्या मनाने वाजवावं लागतं. हे सुचायला दोन्ही घरचं पाणी प्यायलेलाच माणूस हवा.

काळीपाच:
मला ते गोधडीसारखं वाटतं. ठिगळं सुंदर, शिवण दिसते.

आजीचा_ग्रामोफोन:
शिवण दिसावी म्हणूनच तर शिवलीय! व्हिएन्नाच्या संगीत अकादमीने दिलेली मानाची बेथोवन अंगठी परत करणारा माणूस तो. १९९९ मध्ये स्वतःच्या मरणाची खोटी बातमी उठवून पुन्हा मैफल केली. (हे मलाही अतीच वाटलं.) नंतर खरोखर गेला तो २७ जानेवारी २००० ला, मोझार्टच्या वाढदिवशी.

काळीपाच:
किस्से छान, पण किश्शांनी जॅझ सुधारत नाही.

खर्जातला:
बरं, जॅझ पियानोवादक चिक कोरियासोबतची त्याची १९८२ ची म्युनिकची मैफल ऐकलीत? दोन पियानो आहेत. डोळे मिटून सांगा, कुठला कुणाचा.

काळीपाच:
ऐकलीय. पाच मिनिटांत ओळखलं. ठेका धरून बसलेला तो गुल्डा.