पाळी गेल्यापासून पोट सुटलंय, झोप नाही, घरात सगळ्यांवर ओरडते. खाण्याचा संबंध असतो का?

फोंड्याची वहिनी
नमस्कार. वय 51, पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं. खाणं पूर्वीपेक्षा कमीच केलंय तरी दोन वर्षांत सहा किलो वाढले, ते पण सगळे पोटावर, हातपाय होते तसेच. रात्री अडीचला मानेवर घाम येऊन जाग येते ती पहाटेपर्यंत. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की चहा आणि दोन उंडे (पाव), दुपारी शीत-कडी म्हणजे भात आणि कालवण, नुस्त्याचे (माशाचे) तुकडे मुलांना आणि मला फक्त हुमणाचा रस, सोमवार-गुरुवार उपवास म्हणून साबुदाणा. परवा मुलगा डबा विसरला एवढ्यावरून मी इतकी ओरडले की तो न जेवता ड्युटीवर गेला आणि मी लाटणं हातात धरून रडत राहिले. मी अशी नव्हते हो. सासूबाई म्हणतात आम्हाला असलं काही झालं नाही. हे हॉर्मोनमुळे की माझ्या खाण्यामुळे?

डिचोलीकर सिस्टर
वहिनी, दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे. मी नर्स आहे, माझी पाळी 48व्या वर्षी गेली, त्यामुळे अडीच वाजताचा तो घाम मला चांगला माहीत आहे. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन फक्त पाळीपुरतं नसतं, मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा असते तिच्यावर आणि मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिनवर त्याचा परिणाम होतो, ते कमी झालं की जरा उकडलं तरी शरीर एकदम घाम सोडतं, झोप मोडते, आणि महिनोन्महिने झोप मोडलेलं माणूस चिडणारच, त्यात तुमचा स्वभाव बिघडला असं काही नाही. चरबीचं पण तसंच, आधी मांड्या-कंबरेवर जायची ती आता पोटात आतड्यांभोवती साठते, आणि तीच इन्सुलिनचं काम बिघडवते. शुगर आणि कोलेस्टेरॉल याच वयात वर जायला लागतात त्यात याचा पण वाटा असतो.
पण कमी खाऊनही वजन वाढलं की सगळे म्हणतात "मेटाबॉलिझम बंद पडलं", ते मात्र खरं नाही. 2021 मध्ये 29 देशांतल्या 6,400 वर लोकांचा मोठा अभ्यास आला होता, त्यात शरीराच्या मानाने ऊर्जा खर्चायची गती 20 ते 60 वयात जवळजवळ तीच राहते असं दिसलं. कमी होतात ते स्नायू. आणि तुम्ही प्रोटीनशिवाय नुसतं कमी खाताय म्हणजे स्नायू पण जाणार! उंडे, शीत, साबुदाणा, यात प्रोटीन कुठे आहे सांगा बघू. किलोमागे 1 ग्रॅम तरी धरा, म्हणजे 60 किलोला 60 ग्रॅम. एका बऱ्यापैकी बांगड्यात 20च्या आसपास, अंड्यात 6, वाटीभर मुगाच्या गाठीत (मोड आलेल्या मुगाच्या उसळीत) 7-8. तो माशाचा तुकडा तुमच्या ताटात हवा. पेडव्यांसारखे छोटे मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियम पण मिळतं, आणि उपवासाला चालत असेल तर साबुदाण्याऐवजी नाचणीचं तिजान (पातळ खीर) दुधातलं करा, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

पेडणेकार
माझ्या बायकोचं सेम होतं, आम्ही वर्षभर पाळीचंच म्हणत बसलो, शेवटी टीएसएच ही थायरॉईडची रक्ताची टेस्ट केली तर थायरॉईडचा त्रास निघाला. आधी ते करून घ्या, शुगर, बी12 आणि हिमोग्लोबिन पण. आणि घरच्यांना सांगा स्पष्ट, मला खरंच कळत नव्हतं ती का रडते, मी नुसता बाहेर जाऊन बसायचो.

म्हापशाची ताई
सिस्टरचं पटलं पण सगळं ताटावर ढकलू नका. मी सोयाबीन, अळशी, सगळं केलं, घामाला थोडासा फरक पडला असेल नसेल. मला फरक पडला तो हॉर्मोनच्या गोळ्यांनी. 2002 मध्ये या गोळ्यांचे धोके सांगणारा अमेरिकन अभ्यास आला, त्यानंतर सगळ्या घाबरल्या, मी पण, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो असं मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर मात्र नाही. दुकानातून आपल्या मनाने आणू नका.

डिचोलीकर सिस्टर
ताईंचं बरोबर आहे. आणि वहिनी, दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर ते नुसतं चिडणं नाही, डॉक्टरांना तसंच सांगा. पाळी गेल्यावर परत थोडं जरी रक्त दिसलं तरी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

फोंड्याची वहिनी
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना परत रडू आलं पण वेगळं. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आले. येताना बाजारातून बांगडे घेतले, मोजून घरात माणसं तेवढे, माझा धरून. मुलगा जेवायला बसला तेव्हा त्याला पण सांगितलं, अडीच वाजताचं. तो म्हणाला आई, मग मला उठव ना.