सल्ला हवा: नववीतल्या लेकीसोबत बघायला रहस्यमालिका

सायली_मिरज: लेकीची 'प्रिटी लिटिल लायर्स' बघून झाली. त्यातली शाळकरी आरिया आणि तिचा इंग्रजीचा शिक्षक एझ्रा ही तिची लाडकी जोडी. मला ते खटकतं, पण काही बोललं की ती दार लावून बसते. रहस्य असेल आणि नाती बरी असतील असं काही सुचवा. २५ भागांच्या आत संपणारं हवं, आणि बलात्कार वगैरे नको.

हेमांगी: डोळे मिटून 'व्हेरॉनिका मार्स'! शाळकरी गुप्तहेर मुलीची अमेरिकन मालिका. २००४ ते २००७ असे तीन सीझन, ६४ भाग. मग प्रेक्षकांच्या वर्गणीतून २०१४ चा सिनेमा आणि २०१९ मध्ये आणखी ८ भाग. माझी पारायणं झालीत.

सायली_मिरज: ताई, २५ म्हटलं होतं.

मनोज_ठाणे: पहिला सीझन २२ भागांचा आहे, व्हेरॉनिकाची जिवलग मैत्रीण लिली, तिच्या खुनाचा उलगडा त्यातच होतो. तिथे थांबता येईल. पण पार्टीत गुंगीचं औषध देऊन व्हेरॉनिकावर बलात्कार झाला होता, हे पहिल्याच भागात कळतं. तक्रार करायला गेल्यावर शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तिचीच हेटाळणी करतो. तुमची अट इथेच मोडते.

हेमांगी: अहो, पण बाप बघा ना तिचा! कीथ मार्स आधी शेरीफ होता. लिलीच्या खुनात गावातल्या सगळ्यात श्रीमंत माणसावर संशय घेतला म्हणून पद गेलं, बायको सोडून गेली. लेक मात्र त्याच्या बाजूने उभी राहिली आणि त्यापायी सगळ्या मैत्रिणींना मुकली. असे बापलेक मी कुठल्याच मालिकेत पाहिले नाहीत.

रानजाई: आदर्श वगैरे ठीक आहे, पण ती त्याच बापाची तिजोरी उघडून फायली चोरून वाचते की. आणि तिच्या शाळेतला लोगन? पहिल्या भागात तिच्या गाडीचे दिवे फोडतो, पुढे तोच तिचा प्रियकर. आमच्या भाचीला तोच 'हिरो' वाटायचा.

हेमांगी: लोगनला त्याचा बाप पट्ट्याने मारतो, ते विसरलात का?

रानजाई: मार खाल्ला म्हणून दुसऱ्याची गाडी फोडायची?

मनोज_ठाणे: लोगनवर वेगळा धागा काढा. शाळेत नवीन आलेला वॉलेस बघा. त्याला झेंड्याच्या खांबाला चिकटपट्टीने बांधलेलं असतं, सगळी शाळा नुसती बघत उभी, आणि एकटी व्हेरॉनिका पुढे होऊन त्याला सोडवते. पुढे दोघांची निखळ मैत्री राहते, प्रेमप्रकरण नाही. नववीतल्या मुलांना हे दिसायला हवं.

अबोली७: +१ व्हेरॉनिका मार्स. आणि कृपया खुनी कोण ते लिहू नका, माझी अजून बघायची आहे.

शशांक_डी: २०१९ ची 'नॅन्सी ड्रू' बघा, चार सीझन. भुतं आहेत. आमच्याकडे सगळे मोठ्या पडद्यावर बघतो, नवीन साउंडबार घेतलाय, काय आवाज येतो!

मनोज_ठाणे: सायलीताई, एक विचारतो. एझ्राने आरियाच्या हरवलेल्या मैत्रिणीवर पुस्तक लिहायला घेतलेलं असतं, आणि आरिया कोण आहे हे त्याला पहिल्या भेटीपासून माहीत असतं. चौथ्या सीझनमध्ये हे उघड होतं. लेक त्यावर काय म्हणते?

सायली_मिरज: मी ते बघितलंच नाही, पहिले दोन-चार भाग पाहून सोडलं होतं. आत्ता तिला विचारलं. म्हणाली, "शेवटी लग्न करतात ना!" आणि मग अर्धा तास स्वतःहून बोलत राहिली.

सर्वांचे आभार, पण नवीन मालिका आत्ता नको. शनिवारपासून 'लायर्स'च पहिल्या भागापासून बघणार, तिच्या शेजारी बसून. तिने होकार दिलाय, फक्त मध्ये थांबवायचं नाही म्हणाली.

हेमांगी: अहो, ते १६० भाग आहेत!

सायली_मिरज: हो, तिने सांगितलं.